बंगळुरूची १४ महिन्यांची गाडी पुण्यात आणायची, तर रोड टॅक्सचा हिशेब कसा धरावा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण पुण्यात राहता आणि बंगळुरूमधील एका गृहस्थांची १४ महिने वापरलेली पेट्रोल गाडी आपल्याला पसंत पडली आहे. शोरूममधील तिची मूळ किंमत १२ लाख रुपये होती, आता मागणी १० लाख २० हजारांची आहे, आणि तशीच गाडी पुण्यात १० लाख ९० हजारांच्या खाली मिळत नाही. मधला दलाल सांगतो की 'लाइफटाइम टॅक्स भरलेला आहे, फक्त नावावर करून घ्यायची आहे.' तेव्हा ७० हजार रुपये खरोखर वाचतात का, आणि टॅक्स पुन्हा भरावा लागणार असेल तर तो किती, हे आपल्याला हवे आहे.

जुन्या गाड्यांचे व्यवहार आणि त्यांची आरटीओची कागदपत्रे हेच माझे गेल्या अनेक वर्षांचे काम आहे, म्हणून पहिल्यांदा प्रश्नच जरा वेगळा मांडतो. टॅक्स भरला आहे की नाही, हा मुद्दा नाही. तो नक्कीच भरलेला असणार, त्याशिवाय नंबरच मिळत नाही. मुद्दा असा की तो कोणत्या राज्याच्या तिजोरीत भरला आहे आणि गाडी यापुढे कोणत्या राज्यात राहणार आहे. गाडीची नोंदणी मोटार वाहन अधिनियम, १९८८ या केंद्रीय कायद्याखाली होते आणि एकदा झालेली नोंदणी देशभर ग्राह्य असते. वाहनावरील कर मात्र राज्यघटनेने राज्यांच्या यादीत ठेवलेला आहे. त्यामुळे आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या दाखल्यावर, 'लाइफटाइम' असे छापलेले असले, तरी तो जन्मभराचा सौदा एका राज्यापुरताच असतो. दलाल खोटे बोलत नाही, पण त्याचे वाक्य कर्नाटकाच्या हद्दीपर्यंतच खरे आहे.

आता आकडे पाहू. कर्नाटकात १० ते २० लाख रुपयांच्या गाडीवर १७ टक्के कर लागतो आणि त्या कराच्या रकमेवर आणखी ११ टक्के उपकर. १२ लाखांवर हा हिशेब २ लाख २६ हजार ४४० रुपयांचा होतो. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरील पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ टक्के आणि त्यापुढे १३ टक्के असा एकरकमी कर आहे. डिझेलला प्रत्येक टप्प्यावर २ टक्के अधिक. म्हणजे आपल्या गाडीवर नवी असताना पुण्यात १ लाख ४४ हजार रुपये लागले असते, रस्ता सुरक्षा उपकर वेगळा. परराज्यातून आलेल्या वापरलेल्या गाडीला यातून वयाच्या प्रमाणात सूट मिळते, आणि नेमकी इथेच बहुतेकांची समजूत चुकते.

लोकांना वाटते की गाडी १० लाख २० हजारांना घेतली, तर टॅक्सही तेवढ्यावरच बसेल. तसे होत नाही. हिशेबाचा पाया म्हणजे पहिल्या मालकाच्या मूळ बिलातील किंमत. आपल्या दोघांमध्ये ठरलेल्या सौद्याच्या रकमेशी आरटीओला कर्तव्य नसते. मूळ किमतीवरचा कर धरून गाडीच्या वयानुसार अनुसूचीप्रमाणे वजावट होते, आणि पहिल्या एक-दोन वर्षांत ही वजावट अगदी बेताची असते. बाजारात मात्र गाडी शोरूमच्या दाराबाहेर पडताच किमतीतून मोठा तुकडा गळून पडतो. दहा वर्षांची गाडी परराज्यातून आणली तर टॅक्सचा बोजा फारसा जाणवत नाही. जवळजवळ नवी गाडी आणणाऱ्याला तो सर्वांत जास्त जाणवतो. म्हणून माझा नियम असा की सौदा ठरवताना वयाची वजावट विसरायची आणि पूर्ण १ लाख ४४ हजार धरूनच चालायचे. प्रत्यक्षात त्यापेक्षा थोडे कमी निघाले तर ते दलालाची फी, नव्या नंबर प्लेट आणि बंगळुरूहून गाडी आणण्याचे डिझेल-टोल यांत सहज जिरते. (पेट्रोलची गाडी आहे हे ठाऊक आहे, 'डिझेल-टोल' हा आमच्या धंद्यातील जुना शब्दप्रयोग आहे, तेवढे चालवून घ्यावे.)

या हिशेबाने बंगळुरूची गाडी आपल्याला ११ लाख ६४ हजारांच्या घरात पडते, म्हणजे पुण्यातील गाडीपेक्षा सुमारे पाऊण लाखाने महाग. पण इथेच थांबलात तर चित्र अर्धेच दिसेल, कारण कर्नाटकाकडून परतावा मिळू शकतो.

गाडी कायमची राज्याबाहेर गेली की उरलेल्या मुदतीचा कर परत मागण्याची सोय कर्नाटकाच्या कायद्यात आहे, आणि ती कागदावर बऱ्यापैकी उदार आहे. गाडी जितकी नवी तितका परतावा मोठा. आपल्या प्रकरणात विक्रेत्याने भरलेली रक्कम महाराष्ट्राच्या करापेक्षा ८० हजारांनी जास्त आहे, त्यामुळे परतावा नीट मिळाला तर तो आपण इथे भरणार असलेल्या टॅक्सला मागे टाकण्याचीही शक्यता आहे. हा पैसा कोणाचा, हे मात्र सौद्याच्या वेळी कोणी उच्चारतच नाही. मुळात तो विक्रेत्याने भरलेला आहे आणि त्या कार्यालयाच्या नोंदीत नावही त्याचेच आहे, तेव्हा अर्जावर त्याची सही आणि परताव्यासाठी त्याचे बँक खाते लागेल असे धरून चला. दुसरीकडे, परतावा मागण्यासाठी लागणारे पुरावे, म्हणजे महाराष्ट्राचे नवे आरसी आणि इथे टॅक्स भरल्याची पावती, हे आपल्याच हातात येणार. एकाकडे हक्क आणि दुसऱ्याकडे पुरावा, अशी ही गाठ आहे. ती व्यवहाराच्या आधी कागदावर सोडवावी लागते; पैसे देऊन झाल्यावर विक्रेता फोन उचलेलच याची खात्री कोणी देऊ नये.

माझी शिफारस अशी आहे की परतावा हिशेबात धरायचाच नाही. तो विक्रेत्याचा, असे मोकळेपणाने मान्य करा, कागदपत्रे वेळेवर पाठवण्याचे लेखी आश्वासन द्या आणि त्या बदल्यात आजच किंमत खाली आणा. 'आपल्याला मागाहून मोठी रक्कम परत मिळणार आहे' हे विक्रेत्याला बहुतेक वेळा माहीत नसते. ते समजले की त्याचा सूर बदलतो. परतावा स्वतःकडे घ्यायचा हट्ट धरणारे ग्राहक मी पाहिले आहेत, आणि मुदत उलटून गेल्यावरही फायलीच्या मागे फिरणारेही पाहिले आहेत. बरेचदा ती एकच माणसे असतात.

आता '१२ महिने' या प्रसिद्ध सवलतीविषयी. कोणीतरी आपल्याला सांगेल की परराज्याची गाडी वर्षभर चालवता येते, मग टॅक्सची घाई कशाला. कायद्याच्या कलम ४७ मध्ये तशी तरतूद आहे हे खरे. दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवली तर तिथला नवा नंबर घ्यावा लागतो. पण ही मुभा स्वतःच्याच गाडीसह बदली होऊन आलेल्या माणसाच्या उपयोगाची आहे. आपण गाडी विकत घेत आहात. कलम ५० नुसार खरेदीदाराने हस्तांतरणापासून ३० दिवसांच्या आत आपल्या भागातील नोंदणी प्राधिकाऱ्याकडे कळवायचे असते, आणि परराज्याची गाडी पुण्यात आपल्या नावावर करायला गेलात की टॅक्सचा हिशेब त्याच टेबलावर निघतो. वर्षभर थांबण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे गाडी विक्रेत्याच्याच नावावर ठेवून चालवणे. हे करू नका. अपघात झाला तर नोंदीत ज्याचे नाव तोच मालक, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्टपणे घेतली आहे. म्हणजे विक्रेता विनाकारण अडकतो, आणि आपल्या नुकसानभरपाईच्या दाव्यावर विमा कंपनी 'गाडी आपली कशावरून' असे विचारू शकते. टॅक्सच्या रकमेसाठी एवढी जोखीम घेण्यात शहाणपण नाही.

कागदांचा क्रम सांगतो, कारण यात क्रम चुकला की महिने जातात. गाडी १४ महिन्यांचीच असल्याने तिच्यावर कर्ज असण्याची शक्यता फार मोठी. तेव्हा पहिल्यांदा बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५, म्हणजे आरसीवरील बोजा उतरवणे. मग वाहतूक दंडाची थकलेली चलने भरून टाकणे. त्यानंतर मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे गाडी दुसऱ्या राज्यात नेण्यास हरकत नसल्याचा दाखला, तीच फॉर्म २८. अर्ज दिल्यावर त्या कार्यालयाने ३० दिवसांत एनओसी द्यावी किंवा कारण देऊन नाकारावी, अन्यथा ती दिली असे समजले जाते, असे कायदा सांगतो. व्यवहारात मात्र हातात कागद असल्याशिवाय पुण्याच्या खिडकीवर कोणी दाद देत नाही. हस्तांतरणाचे फॉर्म २९ आणि ३०, नव्या नंबरसाठी फॉर्म २७, मूळ बिल, चालू विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा, आणि शेवटी मोटार वाहन निरीक्षकाकडून गाडीची प्रत्यक्ष तपासणी. टॅक्सचा आकडा संगणकावर निघतो आणि भरणा ऑनलाइन होतो, पण त्यात मूळ किंमत कोणती धरली आहे हे भरण्यापूर्वी स्वतः पाहा. मूळ बिल विक्रेत्याकडून आधीच मागून घ्यावे ते याचसाठी. बिलात सीटकव्हर, म्युझिक सिस्टिम अशा गोष्टी एकाच रकमेत घुसडलेल्या असतील, तर त्यांच्यावरही टॅक्स भरण्याची वेळ येऊ नये म्हणून शोरूमच्या किमतीचा वेगळा आकडा दाखवणारा कागद जवळ असलेला बरा.

दोन लहान गोष्टींनी मी लोकांना सर्वांत जास्त खेटे घालताना पाहिले आहे. एक म्हणजे चासी नंबरचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या ओळख क्रमांकाचा ठसा. फॉर्म २८ च्या प्रतींवर पेन्सिलने घासून काढलेला हा ठसा लावावा लागतो. अलीकडच्या अनेक गाड्यांत तो नंबर पुढच्या सीटखाली असतो; गालिच्याला तिथे एक छोटी झडप कापलेली असते, ती उचलून खालचा धुळीचा थर ओल्या फडक्याने पुसायचा, पातळ कागद पत्र्यावर घट्ट दाबून धरायचा आणि मऊ शिसाची पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने फिरवायची. घाई केली की कागद सरकतो आणि ८ चा ३ दिसतो. सतरा अक्षरे-आकडे असतात, आणि त्यांत इंग्रजीतले आय, ओ आणि क्यू कधीच नसतात. तेव्हा गोल दिसले ते शून्यच. चार ठसे काढा, त्यांतले तीन चांगले निघतात. हे काम विक्रेत्याच्या दारात, गाडी पाहायला गेलात त्याच दिवशी स्वतः करा, म्हणजे आरसीवरील नंबर आणि पत्र्यावरील नंबर एकच असल्याची खात्रीही होते. माझ्या दृष्टीने ती इंजिनाच्या आवाजाइतकीच महत्त्वाची आहे.

दुसरी गोष्ट एनओसीवरील आरटीओच्या नावाची. एनओसी 'महाराष्ट्रासाठी' नसते, एका ठरावीक कार्यालयासाठी असते. माझ्याकडे आलेले एक ग्राहक निगडीला राहत होते, म्हणजे त्यांचे कार्यालय पिंपरी-चिंचवडचे, एमएच १४. त्यांच्या दलालाने 'सगळे पुणेच की' म्हणत एनओसीवर एमएच १२ लिहून आणले होते. इथल्या खिडकीवर फाइल परत आली, दुरुस्तीसाठी कागद पुन्हा परराज्यात गेले, विक्रेत्याची सही पुन्हा घ्यावी लागली आणि गाडी तेवढा काळ सोसायटीच्या पार्किंगमध्ये धूळ खात उभी राहिली. दलालाने आपली फी परत केली नाही, हे वेगळे सांगायला नको. आपले आधार कार्ड कोणत्या हद्दीतले आहे ते पाहा आणि एनओसीच्या अर्जावरचा कोड विक्रेत्याला स्वतः लिहून पाठवा.

आतापर्यंतचे उत्तर आपल्या गाडीपुरते झाले. परिस्थिती थोडी बदलली की उत्तरही बदलते, म्हणून त्या शक्यताही सांगतो.

गाडी महाराष्ट्रातीलच असेल, समजा नाशिकची किंवा नागपूरची, तर टॅक्स पुन्हा भरावा लागत नाही. भरलेला एकरकमी कर गाडीबरोबर आपल्याकडे येतो आणि फक्त हस्तांतरणाची फी लागते. पुण्यातील गाडी ७० हजारांनी महाग दिसते ती याचमुळे. तिच्या किमतीत विक्रेत्याने भरलेल्या टॅक्सचा न वापरलेला भाग मुरलेला असतो. कंपनीच्या नावावरील गाडीला महाराष्ट्रात सरसकट २० टक्के कर लागलेला असतो, त्यामुळे अशी वर्ष-दीड वर्षाची गाडी विकणारा 'एवढा टॅक्स भरला आहे' म्हणून किंमत वर चढवू पाहतो. त्याला बळी पडू नका. व्यक्ती म्हणून आपल्याला त्या जादा टॅक्सचा दमडीचाही उपयोग नाही.

शोरूमची डेमो गाडी घेत असाल तर एकच विचारा : तिची नोंदणी झाली आहे का? झाली असेल तर आपण दुसरे मालक आणि टॅक्स भरलेला आहे. ती फक्त ट्रेड सर्टिफिकेटच्या, म्हणजे नोंदणी न झालेल्या गाड्या फिरवण्यासाठी विक्रेत्याला मिळणाऱ्या परवान्याच्या, नंबरवर फिरत असेल, तर मीटरवर कितीही किलोमीटर दिसोत, कायद्याच्या नजरेत ती नवी गाडी आहे आणि पूर्ण टॅक्स आपल्यालाच भरायचा आहे. सवलतीचा आकडा ऐकताना हा खर्च मनात हवा.

दिल्लीच्या गाड्यांची जाहिरात आपल्यालाही दिसली असेल. तिथे ६ लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर ४ टक्के, १० लाखांपर्यंत ७ आणि त्यापुढे १० टक्के कर आहे, म्हणून गाडी मुळातच स्वस्त रस्त्यावर येते आणि स्वस्त विकली जाते. पण तिथे भरलेला करच कमी असल्याने परताव्याची आशाही तेवढीच लहान, आणि इथला टॅक्स मात्र इथल्याच दराने. बंगळुरूच्या गाडीत निदान वाटाघाटीला जागा आहे. दिल्लीच्या नव्या गाडीत मला ती क्वचितच सापडली.

बीएच, म्हणजे राज्याच्या कोडऐवजी 'भारत' मालिकेच्या नंबरची गाडी हा निराळाच प्रकार आहे. सप्टेंबर २०२१ पासून सुरू झालेल्या या मालिकेत टॅक्स दोन-दोन वर्षांच्या हप्त्यांनी भरला जातो, त्यामुळे १४ महिन्यांच्या गाडीवर केवळ १० महिन्यांचा टॅक्स शिल्लक असतो. आपण स्वतः बीएचसाठी पात्र असाल, म्हणजे केंद्र किंवा राज्य सरकारच्या नोकरीत, किंवा चार अथवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी कंपनीत असाल, तर नंबर तसाच पुढे चालवता येतो. पात्र नसाल तरी डिसेंबर २०२२ च्या सुधारणेनंतर अशी गाडी घेता येते, पण तिला महाराष्ट्राचा साधा नंबर घ्यावा लागतो आणि इथला टॅक्स भरावा लागतो. हप्त्याची तारीख चुकली तर दिवसाला १०० रुपये दंड चढत जातो, म्हणून बीएच गाडीच्या आरसीवर टॅक्सची मुदत कधी संपते ते आधी वाचा.

विक्री एखाद्या जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यामार्फत होत असेल, तर १ एप्रिल २०२३ पासून अशा विक्रेत्यांना आरटीओकडून अधिकारपत्र घेणे बंधनकारक आहे. ते दाखवा म्हणावे. दाखवता येत नसेल, तर 'आरटीओचे सगळे आम्ही बघतो' या वाक्याची किंमत आपणच ठरवावी.

आपल्या सौद्याकडे परत येतो. माझ्या हिशेबाने ही गाडी ९ लाख ४० हजारांच्या आत मिळाली तर घेण्याजोगी आहे. त्याच्या वर पुण्यातलीच गाडी बघा, तिच्यात डोकेदुखी कमी आहे. पूर्ण रक्कम एकदम देऊ नका. बयाणा लहान ठेवा, मोठा भाग फॉर्म २८ हाती आल्यावर द्या, आणि ५० हजार नवे आरसी आपल्या नावाने येईपर्यंत रोखून धरण्याचे विक्री-करारात लिहून घ्या. विमा १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्या. विक्रेत्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, आपल्याला मिळत नाही, तेवढा फरक भरावा लागेल. एमएच नंबर पडल्यावर तो विम्यात आणि फास्टॅगमध्ये बदलून घ्यायचा राहू देऊ नका.

किंमत ठरवण्यापूर्वी विक्रेत्याकडून आरसीच्या दोन्ही बाजू आणि मूळ बिल यांचे फोटो मागवा. आरसीवर कर्जाची नोंद आहे का, बिल व्यक्तीच्या नावाचे आहे की कंपनीच्या, आणि नोंदणीची तारीख खरोखर १४ महिन्यांपूर्वीची आहे का, एवढे मला कळवा. टॅक्सचा आकडा मग अधिक नेमका काढून देता येईल.